पाळण्याकडे पाठ

बाळ रडलं की सगळे पाळण्याकडे धावतात. डॉक्टरबाई मात्र स्टूल ओढून आईजवळ बसत आणि तिच्या पोटावर तळवा ठेवून गर्भाशय घट्ट होण्याची वाट पाहत. ते मऊ राहिलं तर रक्त थांबत नाही. हाताखालच्या सगळ्या सिस्टरना त्यांनी हीच सवय लावली होती. "बाळ कुणावर गेलंय?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "मला काय ठाऊक? माझी तिकडे पाठ होती."

आज खाटेवर त्यांचीच लेक होती. पडद्यातून दुपारचं ऊन संथ झिरपत होतं. मागे नात रडत होती, पण तो आवाज दूर पाण्यावरून आल्यासारखा वाटत होता. इंजेक्शन देऊन झालं होतं. तरी तळव्याखाली अजून मऊच लागत होतं. त्या हलकेच चोळत राहिल्या.

"अहो आजीबाई, नातीला बघा तरी," जावई म्हणाला.

"तुम्ही बघा. मी माझ्या पोरीपाशी आहे."

लेक गुंगीत हसली. "आई, किती गरम आहे गं तुझा हात."

हळूहळू तळव्याखालचा गोळा चेंडूसारखा घट्ट झाला. सिस्टरने चादर उचलून पाहिली. "थांबलं, मॅडम."

डॉक्टरबाईंनी तेव्हा कुठे मान वळवली.

"आणा बघू इकडे. कुणावर गेलीये?"