थोड्याच गाठी काढा

निपाणीत तंबाखूचा वास आला की मला माझा शहाणपणा आठवतो. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "आतड्याजवळच्या बारीक गाठीही काढून तपासू, म्हणजे रोग पसरलाय का ते कळेल." मी हात जोडले, "थोड्याच काढा, म्हातारा माणूस हाय." जन्मभर तंबाखूची दलाली केलेले आप्पा खाटेवरूनच गरजले, "एक पोतं उघडून अख्खा माल पास करतोस व्हय रं? डॉक्टर, घावतील तेवढ्या बघा!" डॉक्टरांनी भरपूर बघितल्या. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गेला नाही. एकाही गाठीत रोग नव्हता. मी डोळे पुसत बेळगावी कुंद्याची मिठाई आणायला निघालो, तर बायको मागून म्हणाली, "अवो, आता कुंदाबी थोडाच आणू नका!"