मडक्याचं बूड

मला राग आला की मी भांडी घासते. सासूबाईंशी वाजलं की पातेली, नवऱ्याशी वाजलं की कढया. पालघरजवळच्या सरावलीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या स्वयंपाकघराचं फार कौतुक आहे, आणि ते सगळं माझ्या तापट डोक्याचं फळ आहे हे फक्त घरच्यांना माहीत आहे. या सवयीने कधी कुणाचं नुकसान होईल असं पन्नाशी उलटेपर्यंत मला वाटलं नव्हतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून आलो आणि पंचवीस वर्षं राहिलो. राहिलो म्हणजे काय, तर आधी भाड्याचं घर, मग स्वतःचं घर, पाण्याचे टँकर, वारा फिरला की येणारा केमिकलचा वास आणि मुलांच्या परीक्षा. दारावर मासळी घेऊन येणारी सातपाटीची मावशी सोडली तर इथलं मूळचं एकही माणूस मला नीट माहीत नव्हतं. मुलं शिकून लांब गेली आणि मग घरात राग यायलाही कारण उरेना.

अशात एके दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लागला. डोंगराच्या बाजूला एका पाड्याजवळच्या टेकाडावर जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्यात, तिथे उत्खनन होणार आहे, आसपासच्या लोकांनी स्वयंसेवक म्हणून यावं, अनुभवाची गरज नाही. मी घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुझी कंबर आधीच बोंबलतेय, तू काय खणणार?" एवढं त्याने म्हटलं नसतं तर कदाचित मी गेलेही नसते.

भात कापून झाला होता. रिकाम्या शेतांमधून चालत टेकाडावर गेलं की सुतळी बांधून आखलेले चौकोनी खड्डे दिसायचे. विद्यापीठातून आलेली मुलगी कामाची प्रमुख होती. माझ्या लेकीच्या वयाची, पण सगळे तिला मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणे. ती मला काकू म्हणायची. आम्ही दहाबाराजण होतो. त्यात पालघरचे एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना प्रत्येक गोष्ट आधीपासून माहीत असायची. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. आणि एक शेतवाली होती.

शेतवाली हे नाव आम्हीच पाडलं. टेकाडाचा एक उतार तिच्या घरच्यांचा होता, पावसावर पिकणारा, छोटासा. पाड्यावरची निम्मी माणसं भात झाला की वीटभट्टीवर जातात, चार-पाच महिने तिकडेच असतात. तिचा नवरा गेला होता. ही मात्र या वर्षी मागे राहिली. का राहिलीस, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मी तिला सरळ अगंतुगं करत होते, ती मला तुमी म्हणत होती, आणि त्यात काही खटकावं असं तेव्हा मला वाटलं नाही.

"माज्या शेताखाली काय हाय ते मला बगायचं हाय," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं नांगरलं, त्याच्या बापानं नांगरलं. नांगराला फुटकी मडकी लागायची. कोनाची ते कोनाला ठावं नाय."

खणायला बसली की तिच्याकडे बघत राहावंसं वाटे. आम्ही बाकीचे थापीने माती उकरायचो, ती माती सोलायची. कुठे माती भरावाची आणि कुठे कुणाच्या पायाखाली तुडवून घट्ट झालेली, हे तिच्या बोटांना कळायचं. मॅडमनी तिला खड्ड्याचा एक कोपरा स्वतंत्र दिला होता. गुरुजींना तो कोपरा हवा होता. मला माझ्या कंबरेमुळे धुण्याच्या टेबलावर बसवलं होतं, आणि मला तिचा थोडा हेवाही वाटायचा, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

धुण्याचं काम म्हणजे खड्ड्यातून निघालेले मडक्यांचे तुकडे टबातल्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने आणि बांबूच्या काडीने हलक्या हाताने साफ करायचे आणि चिठ्ठीसकट उन्हात मांडायचे. नियम एकच, पण कडक. ज्या तुकड्याला आतून करपल्याचा काळा थर असेल त्याला पाणी लावायचं नाही. तो थर म्हणजे तेव्हाचं अन्न. प्रयोगशाळेत तपासला तर त्या माणसांनी काय शिजवलं होतं, किती जुनं आहे, असं बरंच कळू शकतं. हा नियम नव्या येणाऱ्यांना मीच सांगायचे, तेही बोट उगारून.

त्या दिवशी दुपारी मॅडम कसल्याशा परवानगीसाठी पालघरला गेल्या होत्या. बाकीचे झाडाखाली डबे खात होते. शेतवाली खड्ड्यातून वर आली ती ओंजळीत काहीतरी धरून. मडक्याचं बूड होतं. तळहाताएवढं, आणि आतून काळंकुट्ट, जाड, पापुद्रे सुटलेलं.

"कोनाचा तरी भात लागलाय बगा," ती म्हणाली आणि हसायला लागली. "बाईचं ध्यान नसंल चुलीकडं."

मलाही हसू आलं. हजार वर्षांपूर्वीची असेल नाहीतर पाचशे, त्या बाईला सासूने काय ऐकवलं असेल याची मी लगेच कल्पना केली. शेतवालीने ते बूड माझ्या टेबलाच्या कडेला कागदावर ठेवलं. "हातातच सुटं झालं म्हनून आनलं. पानी लावू नका. पालघरहून बाई आल्या की मी दाखवीन." मग थांबून म्हणाली, "काय शिजवलं व्हतं ते कललं की मला सांगतील ना?"

"सांगतील की," मी म्हटलं. ती डबा खायला गेली.

तेवढ्यात माझ्या बहिणीचा कोल्हापूरहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिने मुद्द्याला हात घातला. "तू म्हणे डोंगरात खड्डे खणायला जातेस? लोक विचारतात मला. या वयात मजुरीला जायची वेळ आली का तुझ्यावर?" माझं डोकं फिरलं. फोन खांद्यात धरून मी तिला चांगलंच सुनावलं. मजूर वेगळे आणि आम्ही वेगळे, आम्ही स्वयंसेवक आहोत, हे शिकलेल्या लोकांचं काम आहे, तुला त्यातलं काय कळतंय. पंधरा मिनिटं माझं तोंड चाललं होतं आणि तोंडाबरोबर हात.

फोन ठेवला तेव्हा ते बूड माझ्या हातात होतं. आतून स्वच्छ. विटकरी रंगाचं, छान गुळगुळीत. बांबूची काडी आणि ब्रश टबाच्या काठावर होते आणि टबातल्या पाण्यात काळी साय तरंगत होती.

मी काय केलं? टब उचलला आणि पाणी झुडपात ओतलं. नवं पाणी भरलं. ते बूड परत कागदावर ठेवलं. हे सगळं इतक्या सहज झालं की हे माझ्या अंगात होतं याची आजही मला भीती वाटते.

मॅडम चारच्या सुमारास आल्या. शेतवाली त्यांना ओढतच टेबलाकडे घेऊन आली. तिने बूड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. तिचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी टबात पाहत होते.

"काला थर व्हता बाई. जाड व्हता. मी हितं ठेवलं."

मॅडमनी भिंगातून पाहिलं. कडेला कुठेतरी काळा ठिपका शिल्लक होता. "थर होता खरा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "पूर्ण खरवडलाय. कुणी?"

गुरुजी आलेच. "अहो, फोटो न काढता उचललंच कसं मुळात? आणि हाताची सवय असते यांची. मडकं दिसलं की घासणार. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, यांच्या हातात अशी कामं देऊ नका. त्यांना काय कळणार?"

"मी नाय घासलं," शेतवाली म्हणाली. "या बाईंना इचारा. मी यांना सांगून गेले, पानी लावू नका म्हनून."

सगळे माझ्याकडे वळले. "काकू," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे आलं तेव्हा थर होता का?"

एका शब्दाचं काम होतं. पण समोर गुरुजी होते, कॉलेजच्या मुली होत्या ज्यांना मी बोट उगारून नियम शिकवले होते, आणि कानात बहीण अजून बोलत होती. उद्या इथून काढलं तर घरी काय सांगू, नवरा किती हसेल, हेही मनात आलं.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हणाले. "तुकडे खूप येतात."

मॅडमनी शेतवालीवर आवाज चढवला नाही, हे खरं. नुसतं म्हणाल्या, "ताई, उद्यापासून तुम्ही जरा माती टाकायच्या कामाला मदत करा. थापी इथे जमा करून ठेवा." दुसऱ्या दिवशी ती घमेली वाहत होती. तिच्या शेतातली माती तिच्याच डोक्यावरून. टेबलासमोरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. आणि तिचा कोपरा मॅडमनी मला दिला. "तुमची कंबर सांभाळून करा काकू, पण तुम्ही काळजीपूर्वक काम करता," असं म्हणाल्या.

मी त्या कोपऱ्यात दोन दिवस बसले. माझ्या बोटांना काही कळत नव्हतं. सगळी माती सारखीच वाटे. घरी नवऱ्याला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं. तो जेवता जेवता म्हणाला, "अगं, कुठल्या काळातला तो जळका भात, त्याचं काय एवढं? आमच्या कारखान्यात रोज कुणीतरी आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकतं." मला बरं वाटावं म्हणून तो म्हणत होता, हे मला कळत होतं. पण ते ऐकून मला स्वतःचीच किळस आली. त्या दिवशी मी भांडी घासली नाहीत, तशीच मोरीत ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी मी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फोन, ब्रश, ओतलेलं पाणी, सगळं. मला वाटलं होतं त्या ओरडतील, हाकलतील. मला ते हवंच होतं. पण त्यांनी माझा हात धरला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, थर्मासमधला चहा ओतून दिला. "होतं हो काकू असं. मीसुद्धा विद्यार्थिनी असताना एक मडकं फोडलं होतं. तुम्ही सांगितलंत हा तुमचा मोठेपणा." दुपारी सगळ्यांसमोर त्यांनी ते सांगितलंही, आणि गुरुजी म्हणाले, "वहिनी, आजकाल इतका प्रामाणिकपणा कुठे पाहायला मिळतो!" कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हातात कप घेऊन बसले होते आणि मला तो खाली ठेवायची हिंमत होत नव्हती.

"त्या ताईंना परत बोलवायला हवं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच जाऊन सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकून त्यांना बरं वाटेल."

पाडा टेकाडाच्या मागेच होता. ती ओट्यावर बसून चादरीत कपडे आणि दोन पातेली बांधत होती. वीटभट्टीवर निघाली होती, नवऱ्याकडे, उद्याच्या गाडीने. मला बघून उठली नाही, पण बसायला जागा केली. मी बसले नाही.

"मी सगळं सांगितलं त्यांना," मी म्हणाले. "बूड मीच घासलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्हाला परत बोलावलंय, कोपरा तुमचाच आहे." पहिल्यांदाच मी तिला तुम्ही म्हटलं होतं. तिने गाठ आवळली.

"मला ठावं व्हतं तुमीच घासलं," ती म्हणाली. "मी झाडाखालून बगत व्हते. तुमी फोनवर भांडत व्हत्या. मी उठून येईस्तोवर झालं व्हतं."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर कोनी ऐकलं असतं?" तिने हे रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं विचारलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी सांगाल. म्हनून तर बाईंना तुमच्या म्होरं आनलं. बाईंनी तुमाला इचारलं, तवा वाटलं, आता सांगतील."

मी माफ करा म्हटलं. ते शब्द तोंडातून बाहेर पडताना किती हलके वाटले, ते मला नीट सांगता येणार नाही. तिने मान हलवली. मग पातेल्याचं झाकण नीट बसवत तिने विचारलं, "तुमाला काय बोलल्या बाई? काडून टाकलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. एक खोटं आधीच बोलून झालं होतं.

"नाही," मी म्हणाले. "चहा दिला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उद्याच्या गाडीसाठी बांधलेलं बोचकं उचलून आत नेऊन ठेवलं आणि पुन्हा बाहेर आली नाही.