हरकत असल्यास कळवावे

दादा घरातून गेला त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लग्न न झालेला. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात मशीनवर होता. कारखाना बंद पडल्यावर दोन महिने घरात बसून काढले, बोलणं जवळजवळ थांबवलं. एका सकाळी आईला म्हणाला, "टेंभुर्णीत एक काम हाय म्हनत्यात, बघून येतो." मोबाईल चार्जिंगलाच राहिला. तो संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आईनं आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन तो बेपत्ता असल्याचं लिहून दिलं.

पुढची चार वर्षं दर महिन्याला मी ठाण्यात जात राहिले. मी शाळेत क्लार्क आहे, शाळा सुटली की तशीच जायचे. उत्तर ठरलेलं, "तपास चालू आहे." कुठं चालू आहे, कोण करतंय, कोणाला विचारलं, यातलं काही सांगायला कोणी तयार नव्हतं. शेवटी आमच्या शाळेतल्या एका सरांनी सुचवलं म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दादाच्या तपासाचे सगळे कागद मागितले. ते गणपतीचे दिवस होते.

महिन्याभराने उत्तर आलं. माहिती दिल्यास तपासात अडथळा येईल, सबब अर्ज नामंजूर. मी ते पत्र घेऊन ठाण्यात गेले. टेबलावरचे हवालदार ओळखीचे झाले होते, माणूस वाईट नव्हता.

"म्याडम, तुमी लेखी मागितलं म्हनून अडलं बघा. तोंडी इचारायचं की."

"काका, चार वर्षं तोंडीच विचारतेय."

"मग त्ये बी खरंच," असं म्हणून त्यांनी मला चहा मागवला. त्या चहानं माझं डोकं आणखीच फिरलं.

मी वरच्या साहेबांकडे अपील केलं. सुनावणी पाच मिनिटांत आटोपली. अर्जाचा फेरविचार करावा, असा आदेश झाला. मला वाटलं, सुटलो. फेरविचार कसा झाला ते जानेवारीत एका दुपारी कळलं.

मी जेवायला घरी आले होते. पोस्टमन दारात आला आणि त्यानं दादाचं नाव घेतलं. "त्यांच्या नावानं पत्र आहे, सही लागेल." आई स्वयंपाकघरातून अक्षरशः पळत आली. पिठाच्या हातानंच तिनं पाकीट ओढून घेतलं. "आलं का गं त्याचं? कुटनं आलंय? बघ की लवकर!" तिला वाचता येत नाही. त्याच्या नावानं पत्र म्हणजे त्यानंच धाडलेलं, असं तिला वाटलं. मी पाकीट फोडलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

आत ठाण्याची नोटीस होती. आपल्याविषयीची माहिती आपल्या बहिणीने मागितली आहे. ती देण्यास आपली हरकत असल्यास दहा दिवसांत लेखी कळवावे.

मी दोनदा वाचली. मग आईला सांगितली. ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ठाण्यात गेले. आई म्हणाली, मी बी येते. आमचा अर्ज ज्यांच्याकडे होता त्या अधिकाऱ्यांपुढे मी नोटीस ठेवली.

"साहेब, ही तुम्ही कोणाला पाठवलीत?"

"संबंधित व्यक्तीला. कायद्यानं विचारावं लागतं."

"संबंधित व्यक्ती सापडत नाही म्हणूनच तुमच्याकडे फाईल आहे ना?"

"रेकॉर्डला पत्ता हाच आहे," ते शांतपणे म्हणाले. "उत्तर आलं नाही, तर संमती नाही असं धरावं लागेल."

आई म्हणाली, "त्यो हरकत घ्यायला हितं आला, तर मी सगळ्या ठान्याला पेढे वाटीन की, साहेब."

कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि संमती नाही असंच धरलं. मला पुन्हा अपील करावं लागलं. या वेळी वरच्या बाई साहेब होत्या. त्यांनी नोटीस वाचली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि तिथंच फाईल दाखवण्याचा आदेश दिला. प्रत्यक्ष फाईल समोर यायला मे महिना उजाडला.

त्यात अकरा कागद होते. आमची तक्रार, दादाचा फोटो, आईचा जबाब, एस.टी. स्टँडवर चौकशी केली असे चार एकसारखे अहवाल. आणि शेवटून दुसरं, करमाळ्याच्या पोलिसांचं पत्र, अडीच वर्षांपूर्वीचं. तिथल्या एका हॉटेलातल्या कामगारांची नोंद घेताना या नावाचा, या वर्णनाचा इसम मिळून आला आहे, नातेवाइकांकडून खात्री करावी. खाली निळ्या पेनानं लिहिलं होतं, "पाहिले. फाईलला जोडावे."

"हे आम्हाला का नाही कळवलं?" मी विचारलं. तोपर्यंत माझा आवाज चढला होता.

"तेव्हाचे साहेब बदलून गेले," उत्तर आलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी करमाळ्याला गेलो. तीन तासांचा रस्ता. हॉटेल सापडायला अडचण आली नाही. मालकानं फोटो पाहिला.

"व्हय, हितंच हुता की. लई गुनी मानूस. गेल्या दिवाळीपतुर हुता. मग म्हनला, पुन्याकडं जातो. पत्ता न्हाय दिला."

दिवाळीपर्यंत. म्हणजे मी अर्ज केला, तो नामंजूर झाला, हवालदारांनी चहा पाजला, तोवर तो इथं भांडी घासत होता.

आईनं विचारलं, "घरचं काय बोलायचा का?"

मालकानं फोटो परत दिला. "बोलायचा न्हाय. पर पोलीस नाव लिहून घेऊन गेले ना, तवा म्हनला, आता घरचे येतील. चार-पाच दिवस धुतलेला शर्ट घालून बाहेर बसायचा. मग बसायचं सोडलं त्यानं."

मालकाचं म्हणणं मी तिथंच लिहून त्याची सही घेतली आणि सोलापुरात येऊन ठाण्यात दिलं. पोच मिळवायला दोन फेऱ्या झाल्या. तपास आता नव्या अधिकाऱ्यांकडे आहे. पुण्याला पत्र गेलंय म्हणतात. त्या पत्राची प्रत मी मागितली. तपासात अडथळा येईल, असं उत्तर आलं. अपील केलंय. सुनावणीला या वेळी आईही येणार आहे, आणि ती बसणार नाही म्हणते, उभ्यानंच बोलणार.