खोली आत्याची, चूल रुक्सानाची

आत्या गेल्याचा फोन तिच्या मुलाने केला नाही, भाडेकरूने केला. सकाळची बैठक नुकतीच संपली होती. पलीकडून यूनुस बोलत होता. ‘भैया, आई नहीं रहीं.’ मग मराठीत म्हणाला, ‘दत्ताभाऊ दवाखान्यात कागद करतायत. बोलले, पेपरवाल्याला कळव.’ पेपरवाला म्हणजे मी, वर्तमानपत्रातला बातमीदार. शेवंताआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, मला याच नावाने हाक मारायची. मुळशीतल्या एका माळकरी शेतकरी बाईच्या मृत्यूची बातमी तिच्या भाच्याला बिहारहून आलेला एक मुसलमान वेल्डर देतो, आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही... हे सहज घडलेलं नव्हतं. ते कसं घडलं, तेवढंच इथे लिहितो आहे.

उरवड्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आत्याची वस्ती लागते. कारखाने आले तेव्हा खालच्या अंगाची जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर तिचा मुलगा दत्ता याने ओळीने खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. शेवटच्या दोन खोल्यांत यूनुस, त्याची बायको रुक्साना आणि त्यांची मुलगी राहू लागली. आत्याचं स्वतःचं वळण कडक होतं. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. दत्ता मटण खातो, पण ते गोठ्यामागच्या वेगळ्या चुलीवर शिजायचं आणि आंघोळ केल्याशिवाय त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. असं असताना मुसलमान भाडेकरू कसे चालतात, असं शेजारणीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘खोली माझी हाय. चूल तिची हाय. तिच्या चुलीत मी कशाला डोकावू?’

डोकावली ती एकदाच, आणि तीही काळजीने. उन्हाळ्याचे दिवस होते. रुक्सानाची चूल दिवसभर थंड दिसली म्हणून आत्या दारात जाऊन उभी राहिली. रोजा आहे, एवढं कळलं. रोजा म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे काय हे आत्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी तिने साबुदाण्याची खिचडी पाठवली. दुसऱ्या दिवशी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. मग रताळी, मग पुन्हा खिचडी. रमजान निम्म्यावर आला तेव्हा दत्ताने कारखान्याच्या फाटकाशी यूनुसच्या जोडीदारांना कबाब खाऊन रोजा सोडताना पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. आत्या हातातलं काम टाकून बसली. ‘उपासाला मटान?’ तिने रुक्सानाला बोलावून घेतलं. ‘आगं, तुमाला साबुदाना लागतच न्हाई म्हनं. मग सांगितलं का न्हाईस?’ रुक्साना पदराआड हसत म्हणाली, ‘अम्मा, हमने सोचा यहाँ का यही रिवाज है. घर आपका है, तो रोजा भी आपके यहाँ के हिसाब से खोलना होगा.’ दोघी एकमेकींचं पाळत होत्या आणि दोघींनाही ते ठाऊक नव्हतं.

आत्या हसली नाही. तिने रुक्सानाला समोर बसवलं आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. पाणी चालतं का? नाही. चहा? नाही. या उन्हात? हो. ‘आन् आमी उपास म्हनून दिसभर चरतोय,’ ती म्हणाली. सून सुनीता सांगते, त्या वर्षीची निर्जला एकादशी आत्याने पहिल्यांदा खरोखर पाण्याच्या थेंबाशिवाय केली. तोवर नाव निर्जला असलं तरी लिंबूपाणी चालवून घेतलं जायचं. दुसऱ्याचा धर्म पाहून माणूस आपल्या धर्मापासून थोडा सैल होतो, असं मी बातमीदारीत अनेकदा ऐकलं आहे, लिहिलंही आहे. इथे उलट झालं होतं. रुक्सानाचा रोजा पाहून आत्या अधिक पक्की माळकरी झाली.

ईदला रुक्साना शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन आली. आत्याने वाडगा हातात घेतला, वास घेतला, छान झालाय म्हणाली आणि परत दिला. ‘माझ्या माळंला तुझ्या चुलीवरचं चालत न्हाई गं. दत्ताला दे, तो बोटं चाटत खाईल. मला द्यायचंच असंल तर शिधा दे.’ शिधा म्हणजे न शिजवलेलं. ज्याच्या हातचं चालत नाही त्यालाही मानाने द्यायची आपल्याकडची ही जुनी रीत. अर्ध्या तासात रुक्साना शेवया, दूध, खजूर, चारोळी ताटात घेऊन पुन्हा आली. आत्याने स्वतःच्या चुलीवर शीरखुर्मा केला, देवापुढे ठेवला आणि खाल्ला. त्यानंतर दर ईदला वाडगा दत्ताकडे आणि शिध्याचं ताट आत्याकडे जाऊ लागलं.

मला हे खटकलं होतं. त्यांच्या हातचं खायचं नाही, हा भेदभाव नाही का, असं मी एकदा ओसरीवर विचारलं. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पेपरवाल्या, मी माझं पाळती म्हनून तिचं पाळनं मला कळतं. ज्याला कायबी चालतं, त्याला दुसऱ्याचं कुटं अडतंय ते कसं कळायचं?’

गेल्या वर्षी तालुक्याबाहेर कुठेतरी हिंदू-मुसलमानांत काही झालं. त्याची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरली आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. ‘तसले’ भाडेकरू ठेवायचे नाहीत असं भाऊकीत ठरलं. रुक्सानाला तेव्हा सातवा महिना होता आणि मुलगी गावच्या शाळेत दुसरीत होती. एका रविवारी आत्याचे चुलत दीर बबननाना तीन-चार जणांना घेऊन आले. मी योगायोगाने तिथे होतो. चहा झाल्यावर नाना म्हणाले, ‘वैनी, त्या दोन खोल्या मोकळ्या करा. सगळ्यांनी केल्यात.’

‘काय चोरलं का त्यांनी?’

‘चोरलं न्हाई. पन तुमी माळकरी. तुमाला तरी कळाया पायजे.’

‘माळकरी हाय म्हनून तर अडलंय नाना. खोली देताना माळंवर हात ठिवून बोलले, जोवर तुमाला राहायचं तोवर राहा. आता शब्द मोडायचा तर आदी माळ उतरवावी लागंल.’ ती पाटावरून उठली, नानांसमोर गेली आणि मान खाली केली. ‘माझ्या हातानं उतरत न्हाई. या, तुमी काढा.’

नानांनी हात मागे बांधले, जणू ते चुकून पुढे जातील अशी भीती वाटावी. माळकऱ्याच्या गळ्यातली माळ दुसऱ्याने काढणं ही आमच्याकडे कुणाच्या कल्पनेतलीसुद्धा गोष्ट नाही. मी सभा, मोर्चे, दंगलीनंतरच्या शांतता बैठका पाहिल्या आहेत. एका वाकलेल्या मानेने सगळ्यांचं बोलणं असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. निघताना फाटकाशी नाना दत्ताला हळूच म्हणाले, ‘म्हातारी हाय तोवर ठीक. मग आपन बसू.’ ते यूनुसनेही ऐकलं. त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांचं भवितव्य आत्याच्या श्वासाला बांधलेलं होतं आणि हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं.

दहाव्याला नदीकाठी सगळी भाऊकी जमली होती. यूनुस आणि रुक्साना तान्ह्या मुलाला घेऊन वरच्या पायरीवर, थोडी बाजूला उभी होती. पिंड ठेवला तेव्हा लोकांच्या नजरा कावळ्याकडे कमी आणि दत्ताकडे जास्त होत्या. कावळा शिवणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. म्हातारीचा जीव खोल्यांत अडकलेला असणार, मग मुलाला सर्वांदेखत शब्द द्यावा लागणार. मलाही तसंच वाटत होतं... पण ठेवणाऱ्याचा हात मागे होतो न होतो तोच कावळा आला आणि पिंडाला शिवला. ‘सुटली वैनी,’ नाना मोकळा श्वास घेत म्हणाले. ‘कशात जीव न्हवता तिचा.’

खरं काय ते सुनीताने त्याच वेळी माझ्या शेजारी उभं राहून सांगितलं. शेवटच्या आठवड्यात दत्ताने आईला विचारलं होतं, खोल्यांचं काय करू? आत्या म्हणाली, ‘तुझं तू बघ. मी माझं पाळलं.’ एवढंच. शपथ घातली नाही, शब्द मागितला नाही. रुक्सानाला जिने तिच्या वाटेने जाऊ दिलं, तिने पोटच्या पोरालाही त्याच्या वाटेने जाऊ दिलं, आणि तेही ज्या गोष्टीसाठी मान पुढे केली होती त्याच गोष्टीत. हे ऐकलं तेव्हा वाटलं, या बाईला आपण ओळखलंच नव्हतं.

माणसं पायऱ्या चढू लागली. नाना दत्ताजवळ आले. ‘मग बसू एकदा.’ दत्ता ओल्या पंच्यात उभा होता. मुंडण केलेल्या डोक्यावरून पाणी निथळत होतं. ‘कशाला नाना? खोल्यांचं असंल तर बसाया नको. ती राहनार हायेत.’

‘आता तर तिचा शब्दबी न्हाई तुझ्यावर.’

‘न्हाई ना. आन् माझ्या गळ्यात माळबी न्हाई. हे मी माझं बोलतोय.’

नाना चपला शोधू लागले.

तेराव्याला भाऊकीतली निम्मी पानं रिकामी राहिली. दत्ताने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खोल्यांमधल्या सगळ्या भाडेकरूंना बोलावून पंगत पुरी केली. पंगत बसण्याआधी मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो होतो, तेव्हा ओट्यावर भरलेली तीन ताटं झाकून ठेवलेली दिसली. नैवेद्य अजून दाखवायचा होता. कुणाची म्हणून विचारलं, तर सुनीता पुऱ्या तळता तळता म्हणाली, ‘रुक्सानाच्या घरची. देवाला दाखवल्यावर त्यांना चालत न्हाई, म्हनून आधीच काढलीत.’

हे तुला आत्याने सांगून ठेवलं होतं का, असं मी विचारलं.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘मीच विचारलं तिला, सकाळी.’