मायनस जे

अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात जयदेवला सगळे ‘कॉम्प्युटरवाले साहेब’ म्हणत. साहेब कसला, ऑपरेटर! पण सत्त्याऐंशी साली हजेरीच्या सगळ्या वह्या त्यानेच मशीनमध्ये भरल्या होत्या. ‘हजेरी’ नावाची कमांडही त्याचीच. पुढे शेडचे नंबर बदलले, तेव्हा त्याने तिला ‘मायनस जे’ची जोड दिली. जे म्हणजे जुनं. कमांडपुढे एवढं टाइप केलं की कोण कुठल्या जुन्या शेडमध्ये किती वर्षं होता, त्याचा छापील कागद निघे.

पंच्याण्णवात नवं मशीन आलं, आणि त्यामागोमाग श्यामकांत नावाचे नवे अधिकारी. त्यांनी हिशेब काढला, तीन वर्षांत ‘मायनस जे’ एकदाही कुणी वापरलेलं नाही.

“ही अडगळ कशाला वाहायची? काढून टाका, जयदेव. जुन्या शेडच्या फायलींसकट.”

कुणी वापरत नव्हतं, हे खरंच. पण ते रोज लागणारं हत्यार नव्हतंच मुळी. रंगाच्या शेडमधला माणूस वीस वर्षांनी आजारी पडतो, तेव्हा ते लागतं. जयदेवला हे ठाऊक होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याच महिन्यात बढतीची यादी लागायची होती. गडी मूग गिळून बसला आणि स्वतःच्या बोटांनी सगळं पुसून मोकळा झाला. बढती मिळाली. पेढेही वाटले लेकाच्याने.

सत्त्याण्णवात द्रौपदीबाई आल्या. याच ऑफिसात झाडलोट करून रिटायर झालेल्या. नवरा रामभाऊ जुन्या तीन नंबरच्या शेडमध्ये होता, मूत्राशयाच्या कॅन्सरने गेला. भरपाई हवी तर तिथे काम केल्याचा पुरावा आणा, असं सरकारी कचेरीने सांगितलेलं.

“जयदेवभाऊ, तेवढा कागद काढून द्या की.”

जयदेवने सवयीने टाइप केलं. असं काही नाही, मशीनने कळवलं. जुन्या फायलींची नक्कल असलेल्या टेपा कपाटात होत्या, पण त्या वाचणारं मशीन भंगारात गेलं होतं.

“मी हाताने लिहून देतो, मावशी. सही करतो.”

“हातचं नाय चालत बोलले. कॉम्प्युटरचाच पायजे.”

“निदान त्या वह्या तरी असत्या...”

“वह्या? मीच नाय का नेल्या डोक्यावर, रद्दीवाल्याकडे? तुम्हीच बोललात, न्या बिनधास्त, यात सगळं कायम राहतं.”

आपलेच दात, आपलेच ओठ. जयदेवला शरमेने वर बघवेना. द्रौपदीबाईंना वाटलं, मशीन बिघडलंय.

“मग सोमवारी येऊ का? तवर होईल ना चालू?”

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. जयदेव म्हणाला, “या.”