घटातलं पिवळं धान
घटाच्या ओल्या मातीचा वास आला की पाथर्डीकडचा बहात्तरच्या दुष्काळातला दसरा आठवतो. शेतं करपली होती, पण देवघराच्या अंधारात घटातलं गव्हाचं धान हळदीसारखं पिवळं, वीतभर वाढलं होतं. सकाळी घट उठल्यावर वडिलांनी त्यातले तुरे टोपीत खोवले आणि उरलेल्या धानाची परडी ओट्यावर उन्हात ठेवली. "अवो, जळंल ते! त्यानं अजून ऊन पाह्यलं न्हाई," आई कळवळली. "समदं जळलं, ह्येबी जळू दे," वडील म्हणाले. संध्याकाळी सोनं वाटून परतलो, तर परडी पोपटी झालेली! देवापुढंही न उतरणारी टोपी वडिलांनी हातात घेतली. कोवळ्या पानाला उजेडच जाळू पाहतो आणि हिरवा रंग भरेपर्यंत पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ती होरपळ आतल्या आत निवारत राहतात, हे पुढं कॉलेजात मी शिकले, शिकवलंही. पण तेवढं सांगताना आजही नकळत पदर डोक्यावर घेते.