वीतभर काळीपिवळी

पत्रक लिहायला मला येतं. वर जाहीर आवाहन, खाली मागण्या, शेवटी संबंधितांनी नोंद घ्यावी. जळगावात एका संघटनेच्या कार्यालयात मी हेच करतो. मधल्या वेळात गाड्या करतो. खेळण्यातल्या नव्हे. स्केल मॉडेल. खऱ्या गाडीचं माप घ्यायचं, अठराने भागायचं आणि सनबोर्ड, म्हणजे फलकांचा पांढरा हलका पुठ्ठा, कापायचा. फलक छापणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात, दुकानदार ओळखीचा आहे. मोर्चात मी रमत नाही, घोषणा देऊन घसा बसतो आणि हाती काही लागत नाही. गाडी मात्र पुरी होते. दार लागतं, चाक फिरतं. संघटनेतले हसतात. "क्रांती झाली की पार्किंगची सोय याच्याकडे," असं एकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हणू दे.

कपाटावर लाल एसटी आहे, केळीने लादलेला ट्रक आहे, उसाचा ट्रॅक्टर आहे. बाहेरगावचे शौकीन विदेशी मोटारींचे तयार संच मागवतात. मला त्यात रस नाही. या रस्त्यावर जे धावतं तेच मी करतो. आणि जे धावायचं बंद केलं गेलं, ते तर करायलाच हवं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पारोळा ते धुळे काळीपिवळी जीप चालवायचे. वर पिवळं, खाली काळं, मागे लटकणाऱ्यांसाठी लोखंडी दांडी. मी शिकलो ते त्या जीपच्या कमाईवर. मग आरटीओवाले गाडीचं वय झालं म्हणाले. परमिट संपलं म्हणाले. महामार्ग मोठा झाला, आता अशी वाहनं शोभत नाहीत, असंही एक साहेब म्हणाला. शोभत नाहीत! आतल्या खेड्यांत एसटी जात नाही, दिवसातून एखादी फिरकते तीही आठवण झाल्यासारखी. जीप बंद केल्या आणि बस दिली नाही. त्यावर मी पत्रक लिहिलं, लोकांत वाटलं, साहेबाच्या टेबलावर ठेवलं. साहेबाने त्यावर चहाचा कप ठेवला.

जीप धुळ्याला भंगारात गेली, तेव्हा मी टेप घेऊन सोबत होतो. बॉनेटची लांबी, दाराची उंची, मडगार्डचा वाक, सगळं मोजत होतो. भंगारवाला कामगारांना म्हणाला, "बघा रे, भाऊ भंगाराला सदरा शिवतोय!" सगळे हसले. नाना आत आलेच नाहीत. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर पाठ करून उभे होते. आत गॅसकटर सुरू झाला तेव्हाही त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर नाना घरात बसले. बसले म्हणजे बसलेच. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, हाक मारली तर मान हलवायचे. दारात जुने ड्रायव्हर आले तर आत निघून जायचे. दिवसभर पंधरा गावांची माणसं बोलवून गाडीत भरणारा माणूस, त्याचा आवाज घरातून गेला. माय मला फोनवर अहिराणीत सांगायची, "आज बी काही बोलनात नही." दर वेळी तेच.

म्हणून मी जीप करायला घेतली. उगाच मोठं काही मनात नव्हतं. नानांनी एकदा बोलावं, एवढंच. ती गाडी समोर आली तर बोलतील, असं मला वाटत होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. ना परमिट, ना बस, ना ऐकणारा साहेब. सनबोर्ड होता.

या छंदात एक पद्धत आहे. गाडी बनवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं तिला मळवणं. नवी कोरी गाडी खोटी दिसते. मडगार्डखाली चिखल हवा, बिजागरीला गंज हवा, बॉनेटच्या कडांचा रंग हाताने घासून उडालेला हवा. गंजासाठी मी विटेची भुकटी वापरतो. धुळीसाठी पारोळ्याच्या रस्त्याकडेची माती आणली, वस्त्रगाळ केली आणि पातळ डिंकाच्या पाण्यातून ब्रशने बसवली. रंग पाण्यात कालवायच्या पोस्टर कलरचा, कारण उन्हात उडालेलं पिवळं दुसऱ्या कशाने येत नाही. वरून लॅकरचा पक्का थर मारला नाही. लॅकर मारला की धूळ चमकते, सगळी मेहनत वाया. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. "काय मळवलीय राव!" असे निरोप आले. आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही.

खंडेनवमीला घरी नेली. पारोळ्यापर्यंत मांडीवर खोका धरून बसलो होतो.

नाना खाटेवर होते. मी खोका उघडून जीप समोरच्या स्टुलावर ठेवली. त्यांनी पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग खुणेने चष्मा मागितला. मायने पळत जाऊन आणला.

"हाई मनी गाडी शे," ते म्हणाले.

माय दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

"दांडी थोडी वाकी व्हती," नाना म्हणाले. "डाव्या अंगले."

मी दांडी बोटाने वाकवली. त्यांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. स्टिअरिंगला बोट लावलं. तेवढ्यात शेजारचे भाऊ आले. तेही पूर्वी याच रस्त्यावर जीप चालवायचे, आता पेट्रोल पंपावर रखवालदार आहेत. नाना उठून आत गेले नाहीत. हे मी लगेच टिपलं.

"काय नाना, नवी घेतली?" भाऊ म्हणाले. "पासिंग झालं का? सीटा किती?"

"परमिट नऊनं," नाना म्हणाले. "बसाडू पंधरा."

भाऊ मोठ्याने हसले. माय हसली. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो, कारण मला तिथे थांबवेना. बऱ्याच काळानंतर काहीतरी जिंकलो होतो, आणि ते कुठल्या पत्रकाने नाही, असं मला वाटलं. मी तसाच बाजारात निघालो. पूजेला झेंडू हवा होता. गाडीला हार करायचा होता, वीतभर गाडीला वीतभर हार. फुलवाल्याशी दरावरून हुज्जतही घातली नाही.

परत आलो तर नाना खाटेवर नव्हते. स्टुलावर जीप नव्हती. मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज येत होता.

नाना नळाशी उकिडवे बसले होते. बाह्या वर सारलेल्या, शेजारी साबणाचं पाणी भरलेला डबा, हातात मायचा भांडी घासायचा ब्रश. आणि ते बोलत होते. माझ्याशी नाही, गाडीशीही नाही, नुसतंच, जसं रोज सकाळी स्टँडवर गाडी धुताना बोलायचे तसं. कोण कुठे चढतो, कोण उतरताना भांडतो, सावखेड्याच्या फाट्यावर कोण थांबलेलं असेल. मला पाहून म्हणाले, "इतली घान गाडी देवनासमोर ठेवतस का कोनी? आज खंडेनवमी शे."

बरोबरच होतं त्यांचं. ज्याने आयुष्यभर पूजेच्या आधी गाडी धुतली, तो दुसरं काय करणार? मला धूळ लावता येते, त्यांना धूळ काढता येते. मी त्यांना सांगितलंच नव्हतं की ती धूळ लावलेली आहे. माझ्या डोक्यातही आलं नाही. ग्रुपवर कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

"नाना, थांबा," मी म्हणालो.

"माले शिकाडू नको." आणि त्यांनी पाण्याचा मग भरून गाडीवर ओतला.

धूळ आधीच गेली होती. आता पिवळं जात होतं. पाणी पिवळं, मग काळपट, मोरीकडे वाहत होतं. खालून पांढरा सनबोर्ड दिसायला लागला. नानांना तो फेस वाटला. त्यांनी आणखी पाणी ओतलं, आणि आणखी. फेस जाईना. त्यांनी तळहाताने छत पुसलं, बॉनेट पुसलं, अंगठ्याने खरवडलं. ब्रश थांबला. बोलणंही थांबलं.

कागदी नंबरप्लेट त्यांच्या बोटाला चिकटली होती. त्यांनी ती पाहिली.

"हाई तं पुठ्ठा शे," ते म्हणाले.

"मी परत रंगवतो नाना. दोन दिवसांत करतो. पक्का रंग देतो."

त्यांनी जीप नळाजवळच्या दगडावर ठेवली. सावकाश, चाकं नीट टेकतील अशी. हात लुंगीला पुसले.

"राहू दे. ती कापी टाकी ना रे. मी तठेच उभा व्हतू."

आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मायने कुलपं, विळा, कोयता पाटावर मांडून पूजा केली. नैवेद्याचं ताट नानांसमोर ठेवलं, ते त्यांनी हाताने मागे सारलं. आधी निदान जेवायचे तरी.

संध्याकाळी भाऊ पुन्हा आले. सोबत आणखी दोन जुने ड्रायव्हर, गाडी पाहायला. दारातूनच ओरडले, "काय नाना, धुळे-धुळे-धुळे! बसू का?" मी बाहेर येऊन सांगितलं की बरं नाही त्यांना. कुणी विचारलं नाही काय झालं. चपला घालून निघून गेले.

मला लिहायची सवय आहे. कुणाचा निषेध ते वर लिहायचं, मग खालचं आपोआप सुचतं. साहेबाचा करावा तर साहेबाने जीप धुतली नव्हती. नानांचा करावा तर त्यांनी काय चुकीचं केलं? डिंकाचा करू? पोस्टर कलरचा? इतका संताप आणि त्याला पत्ता नाही. बस दिली असती तर, परमिट दिलं असतं तर, निदान समोर बोलावून चार शब्द विचारले असते तर, असं सगळं मला येतं, तोंडपाठ आहे. पण भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला ते वाचून कोण दाखवणार?

दसऱ्याच्या दिवशी निघालो. नानांच्या पाया पडलो, त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली. ओली जीप मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली. माय स्टँडपर्यंत आली. बस लागली तेव्हा तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"तू आते घरले असं काही आनू नको रे," ती म्हणाली. "ते बोलतस नही तरी चालस माले. आज सकाळपासून ते रडी राह्यनात."